गोचिडांच्या मुलखात एक शुभविवाह

लग्नपत्रिका छापून पोट भरणाऱ्या माणसाला चातुर्मासात दोनच उद्योग उरतात. एक, छापखान्यातल्या माश्या मोजणं आणि दोन, बायकोच्या वाटेत न येणं. वाईतला माझा छापखाना आषाढी एकादशीला जो झोपतो, तो तुळशीच्या लग्नालाच डोळे उघडतो. त्या वर्षीच्या श्रावणात माश्या तीनदा मोजून झाल्या होत्या आणि बायकोची वाट तर घरभर पसरलेली. अशात सदाशिवचं पत्र आलं.

सदाशिव माझा शाळूसोबती. आम्ही एकाच बाकावर बसून एकाच छडीनं मार खाल्लेला. पुढे तो जनावरांचा डॉक्टर झाला आणि नवं राज्य झाल्यावर सरकारनं त्याला उचलून थेट अकोला जिल्ह्यात, पातूरला नेऊन ठेवलं. पत्रात लिहिलं होतं: "ये. इथं पाहण्यासारखं थोडं आणि खाण्यासारखं पुष्कळ आहे. पोळा बघून जा. येताना बैल सजवायला लाल शाईचा एक डबा आण, लोक खूश होतील. ता. क. गवतात बसू नकोस."

मी शाईचा डबा घेतला, हाताचा रूळ घेतला आणि छपाईच्या खिळ्यांच्या पेटीतून हाताला लागले ते दोन मोठे लाकडी ठोकळे पिशवीत टाकले. ता. क. मात्र वाईतच विसरलो. पुढचं सगळं रामायण त्या विसरलेल्या ओळीचं आहे.

अकोला

वाई ते अकोला या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण मी झोपलो होतो आणि ज्याच्या खांद्यावर झोपलो होतो त्यानंही ते लिहू नये अशी माझी इच्छा आहे.

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि टांगेवाल्यानं मला झापलं. म्हणजे मला तसं वाटलं.

"काहून पायी जाऊन राह्यले? टांगा दिसत नाही का?"

मी घाबरून टांग्यात बसलो. पुढे हॉटेलवाल्यानंही तसंच झापलं: "चहा घेता का नाही? मंग बसले काहून?" एस.टी.च्या कंडक्टरनं झापलं. शेजारच्या म्हातारीनं झापलं आणि झापता झापता हातावर चार शेंगा ठेवल्या. तेव्हा उलगडा झाला, की ही इथली माया आहे. आमच्याकडे माणूस गोड बोलतो आणि शेंगा स्वतः खातो. इथं उलट व्यवहार आहे, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीनं तो फायद्याचा आहे.

पातूर

पातूर हे डोंगराच्या पायथ्याशी बसलेलं तालुक्याचं गाव. सदाशिवचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खोडा आणि गुलाबखाँ. गुलाबखाँ हा दवाखान्याचा शिपाई. वय पन्नास, मिशी सत्तर. बैल पाडणं, पिचकारी मारणं, औषध पाजणं आणि साहेबांना कोणत्या गावी कोण चांगलं जेवायला घालतं ते सांगणं, ही चारही खाती तोच सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी सदाशिव कामात होता, म्हणून मी एकटाच गावाजवळची जुनी लेणी बघायला गेलो. लेणी शांत होती, गार होती, आणि माझ्याकडे शिदोरीत ठेचा-भाकरी होती. तो ठेचा असा, की पहिल्या घासाला माझे दोन्ही कान उघडले आणि मला वीस मैलांवरच्या अकोला स्टेशनातली शिट्टी ऐकू आली. पाणी पिऊन मी शेजारच्या हिरव्यागार गवतात आडवा झालो आणि तासभर झोपलो. इतकं मऊ गवत आमच्याकडे नाही. इतकं वस्तीचंही नाही, हे नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना काखेत नवीन तीळ दिसला. मी सदाशिवला बोलावून दाखवला.

"काखेत तीळ. आजी म्हणायची, हे भाग्याचं लक्षण."

सदाशिवनं वाकून पाहिलं. "तिळाला पाय किती असावेत असं आजी म्हणायची?"

तो गोचीड होता. मी ताबडतोब विडी पेटवून त्याला चटका द्यायचं सुचवलं. आमच्याकडे कुत्र्याला तसंच करतात. सदाशिव म्हणाला, चटका दिला की तो घाबरून पोटातली घाण तुझ्याच अंगात ओकेल. त्यानं बारीक चिमटा घेतला, अगदी कातडीजवळ धरला आणि सावकाश, सरळ ओढून काढला. मी त्या वेळी आरडाओरड केली असं तो चारचौघांत सांगतो. मी फक्त घरच्यांना निरोप देत होतो.

गुलाबखाँनं तो चिमट्यातला प्राणी उजेडात धरून पाहिला आणि घासलेटाच्या बाटलीत सोडला. "भाऊ, ये गोचीड नै, जमीनदार है. एक बार बैठा तो उठताच नै."

त्या दिवशी सदाशिवनं मला गोचिडाचं चरित्र ऐकवलं. मादी जनावराच्या अंगावर रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म होते, मग गळून पडते, गोठ्याच्या भेगेत शिरते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. त्यातून मोहरीपेक्षा बारीक पिल्लं निघतात. ती गवताच्या शेंड्यावर चढून पुढचे पाय हवेत धरून बसतात, अगदी एस.टी.ला हात करणाऱ्या उतारूंसारखी. बैल आला की चढली. बैल नसला तर वाईचा छापखानेवालाही चालतो. त्यात काही गोचिडांच्या पोटी रोगाचे जंतू असतात, आणि ते आईकडून पिल्लांना वारसाहक्कानं मिळतात.

"म्हणजे वतनच की," मी म्हटलं.

"कूळकायदा मात्र लागू नाही," सदाशिव म्हणाला.

दौलतभाऊंचं गाव

पातूरपासून चार मैलांवर एक खेडं आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथले लोक अजूनही माझं नाव काढून हसतात आणि तुम्हीही जाऊन खात्री कराल. त्या गावी गोठ्यांत गोचीड मारायच्या पावडरीचं पाणी फवारायला सदाशिव निघाला, आणि मीही बादली धरायला गेलो.

तिथंच दौलतभाऊ भेटले. वय चाळिशीचं, अंगानं काटक, बोलणं सावकाश. बौद्ध झालेल्या घरांची वस्ती गावाच्या पूर्वेला. तिथं त्यांचं घर आणि घरासमोर नवाकोरा गोठा. दौलतभाऊंनी पंधरा वर्षं श्यामराव पाटलांकडे सालदारकी केली होती. पंधरा पोळ्यांना पाटलांचे बैल धुतले, सजवले आणि तोरणाखाली धरून उभे राहिले. बैल पाटलांचे, हात दौलतभाऊंचे. या वर्षी पहिल्यांदा त्यांची स्वतःची पाच एकर जमीन होती आणि स्वतःची जोडी होती. जोडीतला तांबड्या इथलाच, नावाप्रमाणे रंगाचा. दुसरा पांढराशुभ्र खिल्लार, आषाढात अकोटकडच्या बैलबाजारातून आणलेला. शिंगं अशी की दोन्हींच्या टोकांवर कावळे बसले असते, तर एकमेकांशी बोलायला त्यांना ओरडावं लागलं असतं.

"एकच तकलीफ हाये जी," दौलतभाऊ म्हणाले. "बैल सोन्यासारखा, पन आयकत नाही. चाल म्हनलं तं उभा राह्यते, उभा राह्य म्हनलं तं पाह्यत राह्यते. बाजारवाला म्हने, साताऱ्याकडचा हाये, हौशा नाव."

मी पुढे झालो आणि म्हटलं, "हौशा, हिकडं ये की रं माझ्या राजा."

हौशानं कान टवकारले, वळला आणि येऊन माझ्या सदऱ्याची बाही चाटू लागला. परमुलखात आपल्या गावची बोली ऐकली की काय होतं ते मला माहीत होतं. मलाही चार दिवसांत कोणी 'की रं' म्हटलं नव्हतं.

झालं. दौलतभाऊंच्या पत्नी राधाबाई दारातून म्हणाल्या, "पाव्हन्याले ठेवून घ्या पोळ्यालोक. बैलाले समजावून सांगतीन." आणि मी पोळ्यापर्यंत तिथंच राहिलो. पहिल्याच जेवणात निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, त्यावर तूप आणि वांग्याची भाजी होती. रोडगा फोडायला मनगट लागतं आणि संपवायला दुपार. श्यामराव पाटील दुसऱ्या दिवशी वाटेत भेटले. पांढरं धोतर, काखेत छत्री. त्यांनी आडून विचारलं, "दौलतकडे थांबले म्हनते. जेवले पन तिथंच?"

"जेवलो," मी म्हटलं. "दोनदा. तिसऱ्यांदा वाढत होत्या, पण मला उठता येईना."

पाटलांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

प्रूफ

छापखानेवाल्याला प्रूफ काढल्याशिवाय काही छापवत नाही. पोळ्याला तीन दिवस होते. मी दौलतभाऊंना म्हटलं, आपण बैलावर वेलबुट्टी छापू, आधी एक प्रूफ काढून पाहू. पिशवीतून ठोकळे काढले, तेव्हा दिसलं की एक ठोकळा आंब्याच्या पानांचा आहे आणि दुसऱ्यावर ठसठशीत 'शुभविवाह' आहे. दुसरं काही नव्हतंच. हौशाची पांढरी कूस म्हणजे उत्तम आर्टपेपर. मी शाई लावली, ठोकळा दाबला आणि त्याच्या डाव्या कुशीवर लालभडक 'शुभविवाह' उमटला. अक्षर एकही फुटलं नाही.

दौलतभाऊंनी एकेक अक्षर लावत वाचलं. "कोनाचं लगन हाये जी?"

"प्रूफ आहे. पोळ्याच्या आत धुऊन काढू."

शाई माझी होती. ती धुतल्यानं जात नाही हे मला आठवायला हवं होतं. हौशा मान वळवून ते अक्षर चाटू लागला. तांबड्याही शेजारून चाटू लागला. सबंध दुपार दोघांनी त्या लग्नाची जेवणावळ झोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशानं वैरण सोडली आणि लाल मुतला.

गोठ्यात मी, दौलतभाऊ आणि राधाबाई असे तिघं त्या ओल्या मातीकडे बघत उभे होतो. दौलतभाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, "डाक्तरले बलवा लागते का?"

आता इथं मला खरं लिहिलंच पाहिजे. या प्रवासात मी शंभर थापा मारल्या असतील, पण ही एक जी मारली ती मला थाप आहे हे ठाऊक नसताना मारली. मी खाली वाकलो, रंग निरखला आणि वीस वर्षं शाई हाताळलेल्या माणसाच्या ऐटीत निकाल दिला: "शाई आहे. चाटून पोटात गेली, ती उतरते आहे. पक्का रंग, चांगल्या प्रतीचा. उद्या साफ होईल."

दौलतभाऊंनी माझ्यावर विश्वास ठेवला. पाहुणा शिकलेला, बैलाच्या गावचा, आणि शाई त्याचीच. न ठेवून करतात काय?

अमावास्येचा आदला दिवस

सकाळी हौशा उठेना. अंग तव्यासारखं तापलं होतं, कान पडले होते, रवंथ बंद. लघवी आता लाल नव्हती, काळ्या कॉफीसारखी झाली होती. मी 'ऊठ की रं' म्हणून पाहिलं. त्यानं डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. गावच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती असं त्या डोळ्यात होतं, आणि मी ते अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

मी पुटपुटलो, "शाईचा दर्जा जरा जास्तच..."

राधाबाई दोन्ही बैलांच्या मधे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाव्हने, तुमी राग नोका मानू. शाई तं तांबड्यानं पन चाटली ना? त्यानं तं जास्तच चाटली. तो तं चांगला साफ मुतून राह्यला."

वीस वर्षांचा शाईचा अनुभव त्या एका वाक्यानं नाल्यात गेला. त्यांनी हौशाची मागची मांडी उचलून दाखवली. कासेच्या जागी, शेपटीच्या मुळाशी, मांडीच्या आत, टपोऱ्या एरंडीच्या बियांसारखे गोचीड एकाला एक चिकटून बसले होते. फवाऱ्यातून वाचलेले, किंवा नव्यानं चढलेले. दौलतभाऊ हौशाजवळ वाकले. त्यांनी हौशाच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी शेजाऱ्याची सायकल घेतली आणि पातूरकडे निघालो. रात्री पाऊस झाला होता. वऱ्हाडातली काळी माती ओली असताना सायकलीला कशी धरते हे ज्यानं अनुभवलं नाही, त्यानं गोचिडाला दोष देऊ नये. फर्लांगभरात चाकं फिरेनात. काडीनं चिखल काढायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा काढायचा. शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली आणि चार मैलांपैकी तीन मैल सायकलच माझ्यावर बसून गेली. वाटेत एक म्हातारा म्हणाला, "काहून भाऊ, तिले चालता येत नाही का?"

दवाखान्यात पोचलो तेव्हा माझा रंग तांबड्यापेक्षाही गडद होता. सदाशिवनं सगळं ऐकलं. शाईचा निकाल ऐकताना त्यानं डोळे मिटून घेतले.

"गाढवा, कालच का नाही आलास? हे लाल मुताचं दुखणं. गोचिडातून जंतू रक्तात जातो, रक्ताचा चुराडा करतो, आणि तेच लघवीतून वाहतं. इथल्या जनावरांना लहानपणीच लागून ती निर्ढावलेली असतात. बाहेरून आलेलं जनावर मात्र धाडकन पडतं."

"वाचेल?"

"काल असतं तर हो म्हणालो असतो." त्यानं कपाटाच्या तळातून एक बाटली काढली. "एवढीच आहे. एका बैलापुरती."

निळं औषध

त्या औषधाचं नाव ट्रायपान ब्लू. बाटलीत पूड असते. ती उकळलेल्या पाण्यात विरघळवून, गाळून, मानेच्या शिरेतून थेट रक्तात सोडायची. आम्ही तिघं दौलतभाऊंच्या घरी पोचताच राधाबाईंनी पाणी उकळलं, सदाशिवनं पूड टाकली आणि पातेल्यात असा निळा रंग झाला की मी सगळं दुःख विसरून पाहतच राहिलो. असा निळा मला आयुष्यात एकाही पत्रिकेवर साधलेला नाही.

गुलाबखाँनं हौशाची मान ताणून धरली, शीर फुगवली. सदाशिवनं सुई घातली आणि नळीतून निळं पाणी थेंबाथेंबानं जाऊ लागलं. "शिरेबाहेर गेलं तर मान सुजेल. त्याला हलू देऊ नका," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू बोल त्याच्याशी. तुझं तरी ऐकेल."

मग मी त्या बैलाच्या कानाशी बसून माणदेशातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. पाऊस कसा नाही, चारा कसा नाही, म्हसवडच्या जत्रेत यंदा काय होईल. जे माहीत नव्हतं ते बनवून सांगितलं. हौशा हलला नाही. ऐकत होता की मरत होता, कोण जाणे.

तोवर अर्धं गाव कुंपणाशी आलं होतं. कोणी म्हणालं, "डाक्तर बैलाले शाई भरून राह्यला." कोणी म्हणालं, "परवा लाल भरली, आज निळी." मी मान वर केली नाही.

दिवस कलताना गावात खांदशेकणी सुरू झाली. आमच्याकडचा बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच उरकतो आणि बैलाला आधी बोलावणं करायची रीत मी तरी पाहिलेली नाही. बैल घरचाच, त्याला बोलावायचं काय? इथं मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू घासतं तिथं, लोणी-हळद चोळतात, शेकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात.

दौलतभाऊंनी आधी तांबड्याचे खांदे चोळले. मग खाली पडलेल्या हौशाजवळ गुडघे टेकले. त्याच्या खांद्यावर लोणी लावून तळव्यानं सावकाश शेकलं. मग त्याच्या कानाशी वाकून, माणसाला सांगावं तसं म्हणाले:

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

थांबले. पुन्हा म्हणाले, "उद्या जेवाले ये बाप्पा. येजो."

मी शाईचा डबा उचलून उकिरड्यात टाकून आलो.

पोळा

सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा दौलतभाऊ उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी बोटानं आत दाखवलं. हौशा उभा होता. पाय थरथरत होते, मान खाली होती, पण जबडा हळूहळू हलत होता. रवंथ. जगातलं सगळ्यात सुंदर दृश्य कोणतं असं कोणी विचारलं तर लोक काश्मीरचं नाव घेतात. त्यांनी रवंथ करणारा बैल नीट पाहिलेला नाही.

आणि तो निळा होता. थाप समजू नका. सदाशिवनं आधीच सांगितलं होतं की हे औषध रंग सोडतं. डोळ्यांचे पांढरे निळे, हिरड्या निळ्या, नाकपुडी निळी, आणि पांढऱ्या केसांतून कातडी अशी दिसत होती की आभाळाचा तुकडा गोठ्यात बांधलाय. त्यावर डाव्या कुशीला लाल 'शुभविवाह'.

सदाशिव दुपारी येऊन तपासून गेला आणि गुलाबखाँला हौशापाशी ठेवून गेला. म्हणाला, धोका टळतो आहे, पण याला आठ दिवस चालवायचं नाही. तोरण गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं ढोल, गर्दी, तासभर उभं राहणं. हृदय थांबेल.

दौलतभाऊंनी नवी झूल आणली होती. घुंगरांच्या माळा आणल्या होत्या. पंधरा वर्षं वाट पाहिलेला दिवस समोर होता आणि बैल पायांवर उभा होता. मला वाटलं, हा माणूस आता ऐकणार नाही. मी असतो तर ऐकलं नसतं.

त्यांनी झूल परत घडी करून ठेवली.

"पंधरा वर्सं लोकाईचे बैल धरले जी. आपला पहिला बैल तोरनासाठी मारू का?" मग राधाबाईंना म्हणाले, "पूजा तं आपन करतच नाही आता. जेवाले घालाचं हाये, ते इथंच घालू. आवतन दिलं हाये त्याले."

आणि राधाबाईंनी हौशाच्या पुढ्यात पुरणपोळी ठेवली. त्यानं हुंगली, विचार केला आणि निळ्या जिभेनं अर्धी खाल्ली. उरलेली तांबड्यानं आवरली. तो कुठल्याच समारंभात मागे नव्हता.

संध्याकाळी लांबून ढोल ऐकू येत होते. तोरणाखाली झडत्या चालल्या होत्या. झडती म्हणजे तिथल्या तिथं रचून म्हणायचं यमक. समोरच्याच्या बैलाची, बैलाच्या मालकाची आणि मालकाच्या सासऱ्याची त्यात उणीदुणी काढायची. मग तोरण तुटलं, ढोल वाढले आणि लक्षात आलं की ते आमच्याकडेच येत आहेत. पोळा फुटला की बैल घरोघर फिरतात. पण त्या दिवशी सगळ्यांना एकच घर आठवलं होतं. निळा बैल पाहायचा होता. गावात सर्कसही कधी आली नव्हती.

दौलतभाऊंच्या अंगणात तीसेक जोड्या, झुली, घुंगरं आणि सगळं गाव. पुढे श्यामराव पाटील, त्यांच्या बैलांची दोरी या वर्षी त्यांच्याच हातात. दोरी कशी धरतात ते त्यांना आठवत नसावं, कारण बैल त्यांना धरून होते.

पाटलांनी हौशाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. निळा रंग कोणत्या झेंड्याचा, हे त्या अंगणात कोणालाही सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "काहून रे दौलत, बैलाले पन दीक्षा दिली का?"

सगळ्यांच्या माना दौलतभाऊंकडे वळल्या.

दौलतभाऊ हौशाची पाठ खाजवत म्हणाले, "त्याले काय द्याची जी? तो पहिलेपासून शहाना हाये. दीक्षा मानसाले लागते."

पहिल्यांदा गुलाबखाँ हसला, मग पाटलांचे स्वतःचेच भाऊबंद, आणि शेवटी पाटील. त्यांनी घरात डोकावून विचारलं, "पोळी हाये का संपली?" राधाबाईंनी पोळी वाढली. पाटलांनी ती उभ्यानं खाल्ली, सगळ्यांसमोर. मी छत्रीकडे पाहिलं; ती मिटलेली होती.

मग मागून एकानं झडती म्हटली:

"दौलतभाऊचा नवरदेव आभाळावानी निळा,
गोचीड म्हने बायकोले, हाटेल आता बदला."

तिथून पुढे हौशाला कोणी हौशा म्हटलं नाही. कुशीवर लग्नाची पत्रिका घेऊन उभा राहिलेल्याला नवरदेवाशिवाय दुसरं काय म्हणणार?

पुन्हा पातूर, आणि परत

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, पातूरला परतल्यावर, मी तापलो. डोकं फुटतंय, सांधे धरलेत, आणि मनगटांपासून सुरू होऊन अंगभर लाल ठिपके. या खेपेला मलाच कोणीतरी छापलं होतं, तेही लाल शाईत. गुलाबखाँनं पिचकारी धुता धुता विचारलं, "साहेब, इनको भी निळा करना क्या?"

सदाशिवनं मला अकोल्याला नेलं. पहिले डॉक्टर म्हणाले गोवर. चाळिशीत गोवर झाल्याबद्दल त्यांनी माझं कौतुकही केलं. दुसरे म्हणाले टायफॉइड, आणि त्याच्या कॅप्सूल दिल्या. सदाशिव म्हणत होता की काखेतला 'भाग्याचा तीळ' हाच गुन्हेगार. गोचीड माणसाला देतात तो जंतू बैलाच्या जंतूहून निराळा, पण आणणारा पोस्टमन त्याच जातीचा. गंमत म्हणजे टायफॉइडच्या त्या कॅप्सूल या तापालाही चालतात. म्हणून निदान चुकलं आणि रोगी वाचला. माझ्या निदानापेक्षा ही प्रगती होती.

अकोल्याहून पातूरला आणल्यावर दौलतभाऊ मला दोनदा भेटायला आले. खाटेशेजारी बसायचे. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "दौलतभाऊ, तो एक दिवस मी वाया घालवला. बैल गेला असता."

"गेला असता," ते म्हणाले. मग पिशवीतून रोडगा काढून उशाशी ठेवला. "पन तुमी सायकल खांद्यावर घेऊन गेले. पाह्यलं लोकाईनं."

निघायच्या दिवशी ते मला न्यायला गाडी घेऊन आले; गाडीला तांबड्या आणि शेजाऱ्याचा बैल. वाटेत त्यांच्या घराशी उतरलो. हौशा अंगणात चरत होता, अजून निळसर. मी कुंपणातून हाक मारली, "हौशा, हिकडं ये की रं."

त्यानं कानही हलवला नाही. मला वाटलं, राग आहे. असणारच.

आता पत्रिकांचा हंगाम सुरू झालाय आणि मी पुन्हा रूळ फिरवतो आहे. परवा दौलतभाऊंचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. निळा रंग गेला, लिहितात. लाल अक्षरंही केस गळून गेली. गोचीड राधाबाई रोज सांजेला वेचतात आणि घासलेटात टाकतात. जोडी गव्हासाठी वखराला लागली आहे. शेवटी लिहिलंय:

"नवरदेव आता चाल म्हनलं की चालते, थांब म्हनलं की थांबते. तुमच्याकडची भाषा बोलून पाहिली. त्याले समजत नाही."